तीस भिंती, दोन महिने? आधी पावसात एक चक्कर मारून या

प्रश्न थोडक्यात असा की एका जुन्या वस्तीत तीसेक मोठ्या भिंती कोऱ्या पडल्यात, रंगाची एक कंपनी रंग फुकट द्यायला तयार आहे, बरेचसे रहिवासीही राजी आहेत, आणि दोन महिन्यांत सगळीकडे म्युरल्स, म्हणजे भिंतभर मोठी चित्रं, काढून त्या वस्तीचं आर्ट डिस्ट्रिक्ट, म्हणजे लोक मुद्दाम चित्रं बघत फिरतील असा भाग, करायचंय. तर सुरुवात कुठून करायची, कलाकार कसे निवडायचे, आणि चित्रं टिकतात किती.

मी या कामात १७ वर्षं आहे. त्यातली पहिली सात-आठ परांचीवर उभं राहून दुसऱ्याच्या डिझाइनमधलं आकाश भरण्यात गेली, मग काही वर्षं स्वतःची चित्रं काढली, आणि आता बहुतेक वेळ इतरांसाठी परवानग्या, परांच्या आणि डबे गोळा करण्यात जातो. त्यामुळे उत्तर उलट्या टोकाकडून देतो. टिकतात किती हा तुम्ही शेवटी विचारलाय, तो पहिला घ्या, कारण त्याचं उत्तर हातात आलं की ३० भिंतींचा हट्ट आपोआप सुटतो. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी ७ भिंती करा, फार तर ८. बाकीचे पैसे आणि रंग बाजूला ठेवा. कंपनीला फोटोत ३० भिंती हव्या असतील, पण तीन वर्षांनी पोपडे सुटलेल्या भिंतींखाली कंपनी उभी नसणार, तुम्ही असणार.

आता भिंत. चित्र खराब होतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, आतल्या पाण्यामुळे. तळहात भिंतीवर जोरात घासा, पांढरी भुकटी हाताला लागली तर जुना रंग किंवा चुना सुटतोय, त्यावर कितीही भारी ॲक्रिलिक मारा, ते त्या भुकटीलाच चिकटणार आणि भुकटीसकट खाली येणार. मग चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा, पट्टीला खपल्या आल्या तर तेवढा भाग खरवडायचाच. तिसरी गोष्ट जरा वेळखाऊ आहे पण मी ती कधीच सोडत नाही: हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. काढताना आतून दव धरलेलं दिसलं तर भिंत पाणी सोडतेय. आणि पांढरा मिठासारखा खार दिसत असेल तर विषयच संपला, पाणी येतं कुठून ते शोधल्याशिवाय त्या भिंतीला ब्रश लावायचा नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, ठेच खाऊन सांगतोय. एका चार मजली इमारतीच्या आंधळ्या, म्हणजे खिडक्या नसलेल्या, भिंतीवर आम्ही एका बाईचा चेहरा काढला होता, ११ दिवस लागले, सगळे खूश. चौथ्या महिन्यात डाव्या गालावर लिंबाएवढा फुगा आला, मग शेजारी दुसरा, मग अख्खा गाल लोंबायला लागला. आत बाथरूमची पाइपलाइन होती, ती कधीपासून झिरपत होती देव जाणे, आणि आम्ही वरून रंगाचा पक्का थर मारून त्या ओलीची बाहेर पडायची वाटच बुजवली होती. आधी प्लास्टिकचा तुकडा लावला असता तर दोन दिवसांत कळलं असतं. नुसती दुरुस्ती करून भागलं नाही, प्लास्टर फोडून पाइप बदलावा लागला, नवीन प्लास्टर सुकवावं लागलं. नवीन प्लास्टरला साधारण चार आठवडे तरी द्यावे लागतात, सिमेंटचा क्षार जरा शांत झाल्याशिवाय रंग मारला तर काही रंगद्रव्यं जळाल्यासारखी फिकी पडतात. इतकं करून चेहरा परत काढला, पण पहिल्यासारखा नाही झाला, हे मी आणि त्या कलाकारानं एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

भिंतीवरची पुट्टी बघा. घराच्या आतली पुट्टी बाहेर वापरलेली असते, ती पाणी पिऊन पिऊन मऊ होते, नखानं उकरता येते. ती काढायची, प्रेशरनं धुवायचं, भेगा भरायच्या, सिमेंटचा क्षार सहन करणारा बाहेरचा प्रायमर मारायचा, आणि मग चित्र. वरच्या पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, कड आणि खिडक्यांच्या छज्ज्यांना खालून पाण्याची खाच आहे का बघा, नसेल तर पावसाचं पाणी थेट चित्रावरून ओघळणार आणि पहिल्याच वर्षी काळे पट्टे. एसीचे पाइप तसंच. हे पाइप वळवायला प्लंबरचा अर्धा दिवस जातो, आणि चित्राचं आयुष्य दोन-चार वर्षांनी वाढतं.

रंगाबद्दल. बाहेरच्या कामाला चांगल्या प्रतीचं शंभर टक्के ॲक्रिलिक एक्सटीरियर इमल्शन चालतं, स्प्रे कॅन बारकावे आणि शेडिंगला. पण कुठला रंग कुठे, ते ठरवताना ऊन बघा. गेरू, पिवळी माती, लोहाचे ऑक्साइडवाले लाल-तपकिरी, फ्थॅलो नावाच्या रंगद्रव्याचा निळा-हिरवा हे गडी उन्हात वर्षानुवर्षं उभे राहतात. भडक गुलाबी, लिंबू पिवळा, काही स्वस्त नारिंगी हे आधी जातात, आणि फ्लुरोसंट तर काही महिन्यांतच फिकट दिसायला लागतो. फुकटच्या रंगात नेमके भडक शेड जास्त मिळतात, म्हणून कंपनीला शेडची यादी तुम्ही द्या, त्यांची घेऊ नका. दिवसभर ऊन खाणारी भिंत असेल तर डिझाइनच असं मागा की लाल उडाला तरी चित्र उभं राहील, म्हणजे उजेड-अंधाराची रचना घट्ट हवी. मी डिझाइन आधी ब्लॅक अँड व्हाइट करून बघतो, त्यात जे जमत नाही ते पाच वर्षांनी भिंतीवरही जमत नाही.

दगडी किंवा चुन्याच्या जुन्या भिंती असतील तर सिलिकेट रंगांचा विचार करा. १८७८ मध्ये आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं. हा रंग भिंतीवर पापुद्रा धरत नाही, खनिजाशी रासायनिकच जोडला जातो, त्यामुळे भिंत श्वास घेऊ शकते. मेख एवढीच की खाली आधीचा प्लास्टिक किंवा ॲक्रिलिक रंग असला तर तो काही धरत नाही, सगळं खरवडून मूळ भिंतीपर्यंत जावं लागतं. शेडही मर्यादित. तरी जुन्या इमारतींसाठी मला तोच आवडतो.

तर टिकतं किती? नीट तयार केलेली भिंत, चांगला रंग, बऱ्यापैकी आडोसा असेल तर आठ-दहा वर्षं ताठ मानेनं. घाईत केलेलं दोन-तीन वर्षं. बस.

आता डिस्ट्रिक्ट म्हणजे काय यावर, कारण ३० चित्रं म्हणजे डिस्ट्रिक्ट नाही. दिल्लीतली लोधी कॉलनी बघा. स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१४ साली सुरू झाली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांनी खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केटच्या मधल्या भागात कामाला सुरुवात केली, आज तिथे ५० च्या वर म्युरल्स आहेत. पण ती जागा चालते त्याचं अर्धं श्रेय चित्रांना नाही, १९४० च्या दशकात सरकारी नोकरांसाठी ती बांधणाऱ्यांना आहे: रुंद शांत रस्ते, झाडं, सारख्या मापाच्या मोठ्या दर्शनी भिंती, मधोमध कमानी. एका चित्रापासून चालत निघालं की मिनिटभरात दुसरं दिसतं, आणि पायी फिरणाऱ्याला फुटपाथ आहे. म्हणून तुमच्या ७ भिंती सुट्या सुट्या निवडू नका. नकाशा पसरा, एका भिंतीसमोर उभं राहिल्यावर पुढची भिंत किंवा निदान तिची कड दिसली पाहिजे, अशी एक रांग शोधा. मागे सरकून बघायला जागा आहे का तेही बघा, तीन मजली चित्र सहा फुटांच्या बोळात असेल तर माणसाला फक्त एक नाकपुडी दिसते. बोळात काढायचंच असेल तर चित्र त्या बोळाच्या मापाचं काढा. मलेशियातल्या जॉर्जटाउनमध्ये अर्नेस्ट झकारेविच यांनी २०१२ मध्ये केलं तसं. त्यांची सायकलवरची दोन मुलं माणसाच्याच उंचीची आहेत आणि सायकल खरी आहे, भिंतीला टेकवलेली. लोक बाजूला उभे राहून फोटो काढतात, कारण चित्र त्यांच्या अंगाबरोबरीचं आहे.

कलाकार कसे निवडायचे, यावर फार लिहीत नाही. मोठ्या भिंतीवर काम केलेले तीनेक घ्या, बाकी तिथलेच किंवा नवीन. कागदावर उत्तम काढणारा माणूस ४० फुटांवर गडबडतो, हात चुकतो म्हणून नाही, चित्रापासून दूर जाऊन बघताच येत नाही म्हणून. नव्या लोकांना चौकटी आखायची जुनी पद्धत द्या, किंवा हल्लीची सोपी पद्धत, म्हणजे भिंतीवर खडूनं किंवा रंगानं उलटसुलट खुणा, अक्षरं, गिचमीड काहीही काढायचं, फोटो घ्यायचा, आणि टॅबवर त्या फोटोवर आपलं डिझाइन ठेवून त्या खुणांच्या आधारानं रेषा ओढायच्या. प्रोजेक्टर अंधारातच चालतो आणि रस्त्याच्या दिव्यांनी त्याची वाट लागते. आणि उंचीचं काम असेल तर हार्नेस, दोर, वाऱ्याच्या दिवशी लिफ्ट बंद, यात कुणाचंही ऐकायचं नाही, अगदी उद्या उद्घाटन असलं तरी.

आता रहिवासी. तुम्ही लिहिलंय बरेचसे राजी आहेत. कशाला राजी आहेत ते एकदा विचारा. भिंत रंगवायला की रोज शंभर अनोळखी माणसं खिडकीखाली उभी राहायला? या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. सोलमधलं इह्वा हे डोंगरउतारावरचं म्युरल व्हिलेज २००६ च्या सरकारी कलाप्रकल्पातून झालं, फुलांचा जिना, माशांचा जिना, सगळीकडे फोटो. मग टीव्ही, मग पर्यटक, सकाळ-संध्याकाळ गोंगाट, आणि २०१६ मध्ये तिथल्याच काही रहिवाशांनी ते दोन्ही जिने स्वतःच रंग मारून पुसून टाकले. मला त्यांचा राग येत नाही. दारात माणसं बसून हसतायत, आतमध्ये म्हातारं माणूस झोपायचा प्रयत्न करतंय, कोण किती दिवस सहन करेल.

माझ्या एका कामात असंच झालं होतं, लहान प्रमाणात. एका इमारतीवर आम्ही एक भला मोठा डोळा काढायला घेतला, डिझाइन त्या इमारतीच्या सोसायटीनं पास केलेलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून एक आजी खाली आल्या आणि म्हणाल्या, बाळा, हा डोळा माझ्या पलंगाकडे बघतो. मी वर जाऊन बघितलं. खरंच बघत होता. सकाळी उठल्या उठल्या बारा फुटी बुबुळ. आम्ही परवानगी मागितली ती ज्यांची भिंत त्यांना, आणि ज्यांना ती आयुष्यभर बघायची त्यांना विचारलंच नव्हतं. डोळा मिटलेला केला, पापणी आणि खाली झोपलेलं गाव असं, आणि चित्र आधीपेक्षा चांगलं झालं हे कलाकारानंही मान्य केलं. तेव्हापासून माझा नियम आहे की भिंतीच्या मालकाच्या सहीइतकीच समोरच्या खिडक्यांची बैठक महत्त्वाची. स्केच घेऊन त्यांच्या घरात जायचं, त्यांच्या खिडकीतून फोटो काढायचा, त्यावर चित्र बसवून दाखवायचं. सात भिंतींसाठी हे जमतं. तीसला नाही जमत, आणि म्हणूनच सात.

वस्तीतल्या पोरांना कामावर घ्या, आणि पैसे देऊन घ्या. ब्राझीलमधल्या रिओच्या सांता मार्ता या फावेलात, म्हणजे डोंगरावरच्या गरीब वस्तीत, हास आणि हान या डच जोडीनं २०१० मध्ये ३४ घरांचा चौक रंगवला, सुमारे ७००० चौरस मीटर, आणि तिथल्याच तरुणांना रंगकाम शिकवून मजुरीवर घेतलं. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडिथ बाका यांनी १९७६ पासून एका पूरनाल्याच्या भिंतीवर जवळजवळ अर्धा मैल लांब चित्र केलं, त्यात ४०० हून जास्त मुलं आणि त्यांची कुटुंबं कामाला होती. ज्या पोरानं तीन आठवडे एक निळा कोपरा भरलाय तो त्यावर पिचकारी मारू देत नाही, याला कुठलीही कोटिंग तोड देत नाही. उंचीवर चढवता येत नसेल, म्हातारी माणसं असतील, तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या म्युरलवाल्यांची युक्ती वापरा: न विणलेल्या पातळ कापडाचे पाच-पाच फुटांचे चौकोन खाली टेबलावर आरामात रंगवायचे, आणि नंतर ॲक्रिलिक जेलनं वॉलपेपरसारखे भिंतीवर चिकटवायचे. जवळ गेल्याशिवाय सांधा दिसत नाही.

आणि पैसा, म्हणजे जागेचा पैसा. मायामीच्या विनवुडमध्ये गोदामांची वस्ती होती, शेजारी जुनी पोर्तोरिकन वस्ती. टोनी गोल्डमन या बिल्डरनं २००९ मध्ये विनवुड वॉल्स सुरू केलं, आणि हे लपून नव्हतं की त्यांनी आधी जागा घेतल्या होत्या. चित्रांनी माणसं आली, माणसांनी दुकानं, दुकानांनी भाडी. आज त्या भिंती बघायला तिकीट आहे. बर्लिनच्या क्रॉइट्सबर्गमध्ये उलटं टोक दिसलं, ब्लू नावाच्या इटालियन कलाकाराची दोन प्रचंड चित्रं क्युव्हरी स्ट्रीटवर होती, बाजूच्या मोकळ्या जागेत बांधकाम येऊ घातलं होतं आणि त्या चित्रांच्या जोरावर घरांचे भाव सांगितले जाणार हे दिसत होतं, तर डिसेंबर २०१४ मध्ये कलाकाराच्याच संमतीनं ती एका रात्रीत काळी करून टाकली. तुमच्या वस्तीत भाडेकरू किती, मालक किती, हे मोजा. भाडेकरू जास्त असतील तर मालकांशी बोलताना भाडेवाढीचा विषय आत्ताच काढा, चित्रं झाल्यावर तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

मालकाशी लेखी करार करा, दोन पानांचाच. चित्र किमान किती वर्षं ठेवायचं, पुसायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, दुरुस्ती कोण करणार, फोटोचे हक्क कोणाचे, चित्रावर जाहिरात लावायची नाही. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे: मालकानं वर्षानुवर्षं चित्रं काढू दिली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये न कळवता रातोरात सगळं पांढरं करून टाकलं. २१ कलाकार कोर्टात गेले, १९९० च्या दृश्यकलाकारांच्या हक्कांच्या कायद्यावर बोट ठेवलं, आणि २०१८ मध्ये ६७.५ लाख डॉलर भरपाई मिळाली, वरच्या कोर्टातही २०२० मध्ये ती टिकली. त्या कायद्यात ९० दिवसांच्या नोटिशीची सोय आहे, मालकानं ती दिली नाही. भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्रॉन्झचं प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं, त्यावर २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांना शिल्पाचे अवशेष परत द्यायला आणि ५ लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे भिंत मालकाची असली तरी चित्रावर कलाकाराचा काही हक्क राहतो. मालकाला हे आधी सांगितलं तर तो घाबरेल असं वाटतं, पण माझा अनुभव वेगळा आहे, कागद बघून मालक उलट निवांत होतो, कारण त्यालाही कळतं की पाच वर्षांनी आपल्याला भिंत परत मिळणार आहे.

जाहिरातीवरून आठवलं, रंग देणाऱ्या कंपनीचा लोगो चित्रात नको. खाली एक छोटी पाटी, बास. लॉस एंजेलिसमध्ये जाहिरातवाले आणि म्युरलवाले यांच्यातला फरक कायद्यात नीट न बसल्यामुळे २००२ पासून २०१३ पर्यंत खाजगी जागेवर नवीन म्युरल काढायलाच बंदी होती, अकरा वर्षं. एका लोगोनं तुमची भिंत होर्डिंग ठरू शकते.

देखभाल. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये महापौर विल्सन गूड यांच्या काळात ग्राफिटी, म्हणजे परवानगीशिवाय भिंतींवर नावं-चित्रं काढणं, थांबवायला मोहीम निघाली, जेन गोल्डन यांनी ग्राफिटी करणाऱ्या पोरांनाच हाताशी धरलं, आणि त्यातून आजवर ४००० हून जास्त म्युरल्स झाली. पण एवढी चित्रं काढायची म्हणजे जुनी सतत दुरुस्त करत राहायचं, काही सोडून द्यायची, काहींवर नवीन काढायचं, आणि या कामाला तिथे कायमची माणसं आहेत. तुमच्याकडे अशी दोन माणसं तरी आहेत का? एकूण बजेटचा पाचवा हिस्सा मी पहिल्याच दिवशी देखभालीच्या नावानं वेगळा काढतो, लोक कुरकुर करतात, करू दे. प्रत्येक चित्राच्या उरलेल्या रंगाचे छोटे डबे शेड नंबर लिहून ठेवा, दोन वर्षांनी तोच निळा शोधत फिरणं म्हणजे डोक्याला ताप. अँटी-ग्राफिटी कोटिंग, म्हणजे वरून कोणी काही खरडलं तर पुसता यावं म्हणून मारतात तो थर, फक्त हाताच्या उंचीपर्यंत मारा, अख्ख्या भिंतीवर नको, वर कोणी पोचत नाही आणि तो थर ओल कोंडतो. मेणासारखी, धुतल्यावर निघून जाणारी कोटिंग परत परत मारावी लागते, पण तिच्यामुळे खालचा रंग वाचतो.

तर आत्ता करायचं काम एकच. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन त्या तीसही भिंतींसमोरून एक चक्कर मारा आणि प्रत्येकीचा फोटो काढा, मग दोन दिवस कोरडे गेले की त्याच जागेवरून परत काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की ज्या भिंती अजून काळपट दिसतायत त्या यादीतून खोडा. माझ्या अंदाजानं दहा-बारा उरतील. त्यांच्या समोरच्या खिडक्या मोजायला लागा.